‘पोलेमिसार’ म्हणजे वाद घालणं की वाद पेटवणं?

सामना संपतो, पत्रकार रेफरीच्या निर्णयाबद्दल विचारतात आणि स्पॅनिश प्रशिक्षक सांगतो, ‘नो किएरो पोलेमिसार’. हे वाक्य इंग्रजीत दोन प्रकारे येऊ शकतं: ‘मला वाद घालायचा नाही’ किंवा ‘मला वाद पेटवायचा नाही’. पहिल्यात माणूस फक्त बाजूला होतो. दुसऱ्यात मात्र, बोललो तर स्फोट होईल असं काहीतरी आपल्याकडे आहे, असं तो सुचवतो. स्क्रीनशॉट अर्थातच दुसऱ्याचा फिरतो.

मूळ शब्द ग्रीक, ‘पोलेमॉस’ म्हणजे युद्ध. इंग्रजीतला ‘पोलेमिक’ही तिथलाच, पण त्याचा अर्थ एखाद्या मतावर तुटून पडणारा लेख किंवा भाषण. स्पॅनिश ‘पोलेमिका’ म्हणजे साधा, रोज बातम्यांत दिसणारा वाद. इंग्रजी शब्दकोशात ‘पोलेमिसाइझ’ हे क्रियापदही आहे, पण बोलताना ते कोणी वापरत नाही. त्यामुळे दिसायला जुळा असलेला हा शब्द भाषांतरात फारसा कामाचा नाही.

अर्थ ठरवताना आधी ‘कॉन’ शोधावं. ‘कॉन’ म्हणजे ‘च्याशी’. खासदार मंत्र्याशी ‘पोलेमिसार’ करतो तेव्हा दोघांत खडाजंगी होते. इंग्रजीत तिथे ‘क्लॅश’ किंवा ‘आर्ग्यू’ चालतं. त्याऐवजी ‘खासदाराने वाद पेटवला’ असं लिहिलं, की दोघांचं भांडण एकाच्याच माथी बसतं. बातमीत ही चूक लहान नाही. मुद्दाम वाद उभा करण्यासाठी स्पॅनिशमध्ये ‘क्रेआर पोलेमिका’ असा वेगळा प्रयोग आहेच.

‘कॉन’ नसेल तर मात्र संदर्भ बघावा लागतो. एखाद्या लेखकाबद्दल ‘ले गुस्ता पोलेमिसार’ म्हटलं, तर त्याला वादाची खुमखुमी आहे असा अर्थ निघतो. तिथे वाद पेटवण्याची छटा बसते.

मराठीत यातलं बरंच आयतं मिळतं. प्रशिक्षकाच्या वाक्याला ‘मला वादात पडायचं नाही’ चपखल बसतं आणि मुद्दाम कुरापत काढणाऱ्यासाठी ‘वाद उकरून काढणं’ आहे. इंग्रजीमार्गे मराठीत येताना नेमका हाच फरक गळतो.

‘डिस्कुतिर’ या क्रियापदाबाबतही सावध राहावं. ते इंग्रजी ‘डिस्कस’सारखं दिसतं, पण नवरा-बायकोने ‘डिस्कुतिर’ केलं असं ऐकलं, तर बहुतेक वेळा त्यांचं भांडण झालेलं असतं.