पुठ्ठ्याची नळी आणि कार्यानुभवाचा तास

इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही यंत्रमागाची गावे. तेथे सूत पुठ्ठ्याच्या कोनांवर येते आणि तयार कापडही पुष्कळदा पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून बाजारात जाते. अलीकडे टोमॅटो, मिरची, कलिंगड पिकविणाऱ्या शेतकऱ्यांच्या बांधावरही अशीच नळी दिसू लागली आहे. गादीवाफ्यावर अंथरावयाचा प्लॅस्टिकचा मल्चिंग पेपर जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेला असतो. कागद अंथरून झाला की नळी बांधावर पडून राहते, पावसात भिजते, नाही तर चुलीत जाते. शाळेच्या दृष्टीने मात्र ती विनामूल्य मिळणारी उत्तम साधनसामग्री होय.

ही नळी मुळातच रद्दीची असते. रद्दीच्या लगद्यापासून केलेल्या कागदाच्या पट्ट्यांना खळ लावून त्या एका दांड्याभोवती तिरप्या गुंडाळीत जातात. नळीवर दिसणारी नागमोडी सांध्याची रेघ ती हीच. कागद पुन्हा पुन्हा लगद्यात गेला की त्याचे तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतात. म्हणूनच वहीच्या कागदाचा पुठ्ठा होतो, परंतु पुठ्ठ्यापासून लिहिण्याजोगा पांढरा कागद सहसा होत नाही.

निरुपयोगी वस्तूंपासून शैक्षणिक साधने करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. १९३७ साली वर्धा येथे झालेल्या शिक्षण परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा विचार मांडला गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालवाडी चालविली, ती आसपास सापडणाऱ्या शंख-शिंपल्या, बिया, पाने यांच्या आधारावर. अगदी अलीकडच्या काळात श्री. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचा प्रसार देशभर केला. २०१८ साली त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

असे असूनही कार्यानुभवाच्या तासाचे आजचे चित्र पुष्कळ ठिकाणी निराळे आहे. ‘प्रकल्प’ म्हणून दुकानातून तयार संच आणावयाचा, पालकांनी तो रात्री जोडावयाचा आणि मुलाने सकाळी शाळेत पोहोचवावयाचा, असा परिपाठ पडला आहे. ज्यांच्या घरी संचासाठी पन्नास रुपये नसतात त्या मुलाची वस्तू प्रदर्शनात मागच्या रांगेत जाते. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक व थर्मोकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घालण्यात आली, तरी शोभेची चमकी आणि प्लॅस्टिकच्या फिती यांचा सोस कमी झालेला नाही. नळीला चमकी फासून फुलदाणी केली, तर मुलाच्या पदरात फारसे काही पडत नाही. शिवाय ती नळी पुन्हा लगद्यात जाण्याच्याही कामाची राहत नाही.

नळीचे खरे मोल तिच्या आकारात आहे. वीतभर लांबीचे जाड नळीचे चार सारखे तुकडे उभे करून त्यांवर पाट ठेवावा आणि शिक्षकाने हात धरून एका मुलाला वर बसवावे. पुठ्ठा दबत नाही. पातळ नळी आडवी धरून बोटांनी दाबली की मात्र ती लगेच चेपते. खांब गोल का असतात हे यानंतर फार शब्दांत सांगावे लागत नाही.

१८१६ साली पॅरिसमधील डॉक्टर रने लाएनेक यांनी कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि हृदयाचे ठोके त्यांना स्पष्ट ऐकू आले. वैद्यांची नळी, म्हणजे स्टेथॉस्कोप, तिचा जन्म असा कागदातून झाला. वर्गात वीत-दीड वीत लांबीची नळी मित्राच्या छातीला लावून, दुसऱ्या टोकाशी कान ठेवून, मैदानाला फेरी मारण्यापूर्वीचे व नंतरचे ठोके मोजता येतात. या प्रयोगास नळीवाचून फारसे काही लागत नाही. बालवाडीतील मुलांना अर्थात याहून सोपे काम हवे. चिकटपट्टीच्या आतल्या कड्यांची चाके करून पोळ्याच्या सुमारास बैलगाडी करण्यात ती रमतात.

मल्चिंगच्या चार फुटी नळीचा एक उपयोग सहावी-सातवीपासून पुढच्या मुलांसाठी विशेष सांगण्यासारखा आहे. या नळीने सूर्य मोजता येतो. १२० सेंटिमीटर लांबीच्या नळीच्या एका तोंडावर काळा कागद घट्ट बसवावा व मध्यभागी सुमारे एक मिलिमीटरचे छिद्र पाडावे. दुसऱ्या तोंडावर पतंगी किंवा बटर कागद ताणून लावावा आणि त्याभोवती काळ्या कागदाची चार बोटे रुंद कड उभी करावी, म्हणजे प्रतिमेवर बाहेरचा उजेड पडणार नाही. सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, नळी खांद्यावर घेऊन छिद्राचे टोक सूर्याकडे वळवावे व पुढे आलेल्या कागदावर पाहावे. छिद्रातून डोळ्याने सूर्याकडे कधीही पाहू नये, आणि बटर कागद बसविल्याशिवाय नळी मुलांच्या हाती देऊ नये. डोळा कायमचा जाऊ शकतो.

कागदावर प्रकाशाचा जो वाटोळा ठिपका उमटतो तो सूर्याची प्रतिमा होय. तिचा व्यास सुमारे ११ मिलिमीटर भरतो. सूर्याचे अंतर सुमारे १५ कोटी किलोमीटर आहे. त्याला १.१ ने गुणून १२० ने भागले की व्यास पावणेचौदा लाख किलोमीटर येतो, आणि शास्त्रज्ञांचा आकडा सुमारे १३ लाख ९२ हजार आहे. मोजताना मिलिमीटरभर चूक झाली तर उत्तरात सव्वा लाखाचा फरक पडतो. मुलांनी तो फरक स्वतः काढून पाहावा. त्रैराशिकाचा इतका रोकडा उपयोग पाठ्यपुस्तकातही क्वचितच सापडतो.

काही पथ्ये पाळावी लागतात. फटाक्यांच्या नळ्या वापरू नयेत, कारण त्यांत दारूचा अंश राहतो. बांधावरची नळी कीटकनाशकांच्या डब्यांशेजारी पडलेली असेल तर ती टाकून द्यावी. जाड नळी करवतीने शिक्षकानेच कापावी. चिकटविण्यास कणकेची खळ पुरते. बुकबाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, पण तो विषारी असल्याने मुलांच्या खळीत मुळीच नको. रंगासाठी गेरू आणि हळद बरी.

नळ्या गोळा करण्याचे काम ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास शाळेवर भार पडत नाही. ओला-सुका कचरा वेगळा करण्याची व्यवस्था असलेल्या गावी सुक्या कचऱ्यातून नळ्या बाजूला काढून ठेवणे अवघड नाही. कृषी सेवा केंद्राच्या दुकानात एक पाटी लावली तरी शेतकरी बियाणे न्यावयास येताना नळी आणून देतील. शाळेत त्या जमिनीवर रचू नयेत. फळीवर, भिंतीपासून थोड्या दूर, उभ्या ठेवाव्यात. कोकणात व घाटमाथ्यावर जूनपूर्वीच त्या कोरड्या खोलीत हलविणे आवश्यक आहे, अन्यथा ओल धरून गुंडाळी सुटते आणि कसर लागते.