आभाळाला विचारलं का?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, चहा आला, आणि एका मैत्रिणीनं पिशवीतून एक रंगीत कागद काढला. "ताई, आम्ही घरचे सगळे मे महिन्यात श्रीलंकेला निघालोय. तुम्ही जाऊन आलाय ना? काय काय न्यायचं सोबत?"

बाकीच्या बायका तिच्या हौसेचं कौतुक करायला लागल्या. मी मात्र कागद हातात घेऊन आधी तारखा बघितल्या. २५ ते ३१ मे. ठिकाणं होती कोलंबो, बेंटोटा, नुवारा एलिया आणि कँडी. माझ्या पोटात धस्स झालं. अगदी हीच चूक आम्ही २०१८ साली केली होती.

"तारीख कुणी ठरवली गं?"

"मुलांना सुट्टी तेव्हाच, ह्यांना रजा तेव्हाच. आणि टूरवाला म्हणाला, त्या दिवसांत स्वस्तात पडेल."

"आणि आभाळाला विचारलं का?"

सगळ्या खळखळून हसल्या. पण मैत्रिणींनो, मी गंमत करत नव्हते. त्या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत आमच्या घरानं मोजलीय.

२०१८ साली माझी मुलगी नववीतून दहावीत गेली होती. दहावीनंतर ती बाहेरगावी शिकायला जाणार, म्हणजे सगळ्यांनी मिळून कुठं जायचं तर याच सुट्टीत, असं ठरलं. सासूबाई तेव्हा अडुसष्ट वर्षांच्या. उभा जन्म आमच्या माण तालुक्यात, दहिवडीच्या परिसरात गेलेला. समुद्र त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. त्यांची इच्छा दोनच गोष्टींची. समुद्रात गुडघाभर उभं राहायचं आणि सीतामाईला ठेवलं होतं ते अशोकवन बघायचं. भिशीचे साठवलेले पैसे त्यांनी आपणहून ह्यांच्या हातात ठेवले. टूरवाल्यानं माणशी आठ-दहा हजार कमी सांगितले, तेव्हा आम्हाला वाटलं, केवढं नशीब! ते पैसे कमी का, हे कुणी विचारलंच नाही.

वाळवणाच्या ऐन दिवसांत कुरडया-पापड घाईघाईनं उरकून मी बॅगा भरल्या. मुंबईहून कोलंबोला विमानानं जेमतेम अडीच तास लागतात. उतरलो तर आभाळ भरून आलेलं. बेंटोट्याच्या किनाऱ्यावर पोचलो तर वाळूत लाल बावटा लावलेला, पाणी गढूळ, आणि लाटा अशा की बघूनच मागं सरावं. दोन दिवस आई हॉटेलच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसून त्या बावट्याकडं बघत होत्या. मुलं कंटाळून एकमेकांशी भांडत होती. हे मोबाईलवर हवामान बघत होते. ते निघायच्या आधी बघायला हवं होतं.

पुढं नुवारा एलियाला जाताना घाटात धुकं आणि पाऊस. चहाचे मळे म्हणून जे जग बघायला येतं, ते आम्हाला गाडीच्या काचेवरच्या थेंबांमधून दिसलं. गावाजवळच सीता एलिया म्हणून ठिकाण आहे. अशोकवन ते हेच, अशी लोकांची श्रद्धा. ओढ्याकाठी सीता अम्मनचं देऊळ आहे. खडकावर मारुतीच्या पावलांचे ठसे दाखवतात. पण ओढा असा फुगलेला, की खडकाजवळ कुणी जाऊ देईना. आईंनी छत्रीतूनच हात जोडले.

मला इतकं अपराधी वाटत होतं! पण आई गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "अगं, वाईट नको वाटून घेऊ. आपल्याकडं आत्ता टँकरची वाट बघतायत. एवढं पाणी तरी बघाय मिळालं मला."

आमचा ड्रायव्हर त्रिंकोमालीकडचा तमीळ माणूस. हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचा आणि आईंना 'अम्मा' म्हणायचा. तो सहज म्हणाला, "अम्मा, तुम्ही चुकीच्या बाजूला आलात. आज माझ्या गावी लख्ख ऊन आहे. समुद्र ताटात पाणी ठेवावं तसा शांत आहे. आणि समुद्रावर कड्याच्या टोकाला शंकराचं मोठं देऊळ आहे."

आई सोमवार करणाऱ्या. त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ती नजर मी अजून विसरलेली नाही.

घरी आल्यावर मी नकाशा घेऊन बसले. कला शाखेची पदवी आहे, भूगोल एके काळी आवडीचा विषय. श्रीलंका केवढी? आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचवा हिस्सा. पण मधोमध डोंगर, सर्वांत उंच शिखर २,५२४ मीटर. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे येतात आणि या डोंगरावर आपटून पश्चिम-दक्षिण किनाऱ्यावर आणि घाटावर कोसळतात. पलीकडे, पूर्वेला पोचेपर्यंत ते कोरडे होतात. हिवाळ्यात उलट. ईशान्येकडून येणारे वारे पूर्व आणि उत्तर बाजूला भिजवतात, तेव्हा पश्चिम किनारा कोरडा असतो.

हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. अहो, हे तर आमच्या अंगणातलं ज्ञान! एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि आमच्या माणात पाचशेच्या आसपास. डोंगराच्या अलीकडं पूर, पलीकडं टँकर. हे जन्मभर भोगलेल्या बाईला पर्जन्यछाया कुणी शिकवावी लागते का? पण सहल म्हटलं की आपण शाळेची सुट्टी बघतो, साहेबांची रजा बघतो, दर बघतो. जिथं जायचं तिथलं आभाळ बघत नाही. आणि उष्ण कटिबंधातल्या देशात तेच आधी बघायचं असतं. कोलंबोत थंडी-उन्हाळा असा फरक फारसा नसतोच, बारा महिने घाम. तिथं ऋतू म्हणजे पाऊस कुठल्या बाजूला आहे ते.

मग आपल्या सुट्ट्यांचं काय करायचं? मला जे समजलं ते सांगते.

नाताळची सुट्टी असेल तर पश्चिम आणि दक्षिण किनारा धरा. बेंटोटा, गॉल, मिरिसा. डिसेंबर ते मार्च तिथला समुद्र शांत असतो, मिरिसाहून देवमासे बघायला बोटी जातात. मात्र गर्दी फार आणि दर चढे. बुकिंग दोन-तीन महिने आधी करावं लागतं.

एप्रिलमध्ये दुपारनंतर वळीव येतो, पण सकाळी फिरता येतं. १३-१४ एप्रिलला त्यांचा नववर्षाचा सण असतो. दुकानं बंद आणि नुवारा एलियाला जत्रेसारखी गर्दी.

मे अखेर ते सप्टेंबर पूर्वेला जा. त्रिंकोमाली, पासिकुडा. पासिकुड्याचं पाणी दूरपर्यंत उथळ आहे, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बरं. आतली जुनी शहरं अनुराधपूर, पोलोन्नरुवा आणि सिगिरियाचा खडक ही ठिकाणंही या दिवसांत कोरडी असतात. ऊन मात्र कडक. सिगिरियाला बाराशेच्या आसपास पायऱ्या आहेत, उजाडता उजाडता चढायला लागायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मिन्नेरियाच्या तलावाकाठी शेकडो हत्ती जमतात. तोटा एवढाच, की कोलंबोहून त्रिंकोमाली गाडीनं पाच-सहा तास लांब. घरात लहान मूल असेल तर वाटेत एक मुक्काम करावा.

दिवाळीची सुट्टी मात्र शक्यतो टाळा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाऊस दोन्ही बाजूंना असतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर आलेल्या दितवाह चक्रीवादळात श्रीलंकेत सहाशेहून अधिक माणसं गेली, घाटात दरडी कोसळल्या. मे अखेरीचा पाऊसही नुसता गैरसोयीचा नसतो. २०१७ साली त्याच दिवसांतल्या पूर-दरडींनी तिथं दोनशेहून अधिक बळी घेतले. पाठोपाठ डेंग्यूची मोठी साथ होतीच. म्हणून पावसाळी बाजूला जावंच लागलं तर पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम बॅगेत हवंच. दर पौर्णिमेला तिथं 'पोया'ची सुट्टी असते, दारू-मांस विकत नाहीत, देवळांत गर्दी होते. तेही तारखा ठरवताना बघून घ्या.

आणि एक कॅलेंडर असतं, जे कुणी विचारत नाही. ते घरच्या बाईचं. वाळवण, घरातलं बाळंतपण, सासू-सासऱ्यांची तपासणी हे सगळं धरून आम्ही तारखांना होकार देतो. पाळीचं तर बोलायचंच नाही. गटातल्या कितीतरी जणी सहलीसाठी, देवदर्शनासाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मनानंच घेतात. बायांनो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यापेक्षा तारखा ठरवतानाच एक वाक्य बोला ना. "मला हे चार दिवस नकोत." एवढं म्हणायला मला चाळिशी उलटावी लागली.

२०२४ साली पुन्हा जायचं ठरलं तेव्हा मी ते म्हणाले. त्या वर्षी १५ ऑगस्टची सुट्टी गुरुवारी आणि नारळी पौर्णिमा सोमवारी, १९ तारखेला. श्रावणी सोमवारही तोच. ह्यांनी मधला एक दिवस रजा टाकली आणि आम्ही थेट त्रिंकोमाली गाठली. कोणेश्वरचं देऊळ समुद्रात घुसलेल्या कड्यावर आहे. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी सतराव्या शतकात पाडलं, आत्ताचं विसाव्या शतकात उभं राहिलं. रिक्षानं जवळपर्यंत गेलो. आईंनी तिथं नारळ वाहिला. मग किनाऱ्यावर आलो. ड्रायव्हर म्हणाला होता तसंच, शांत निळं पाणी. आई माझा हात धरून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

पण खरं सांगू? सगळं भरून आलं नाही. सहा वर्षांत त्यांचे गुडघे गेले होते. सिगिरियाला त्या खाली झाडाखाली बसून राहिल्या. २०१८ ला त्या सावकाश का होईना, वर गेल्या असत्या. आणि मुलगी सोबत नव्हती. तिची पुण्यात परीक्षा. तिनं पाठवलेली राखी मी पर्समधून काढून तिच्या भावाला तिथंच बांधली. तो हसला, पण फोनवर तिच्याशी बोलताना लांब निघून गेला. पहिल्या वेळी आम्ही पाच जण होतो, दुसऱ्या वेळी चार. ऋतू दर वर्षी परत येतो हो, घरातली माणसं तशीच्या तशी परत एकत्र येत नाहीत. म्हणून जी एक सहल पदरात पडते, ती नीट विचारून करावी.

बैठकीतल्या मैत्रिणीला मी हे सगळं सांगितलं. घरी जाऊन तिनं ह्यांना-त्यांना पटवलं. टूरवाल्यानं आधी कुरकुर केली, मग तारखा त्याच ठेवून मार्ग बदलून दिला. आता ती सिगिरिया आणि त्रिंकोमालीला निघालीय. परवा फोनवर विचारत होती, "ताई, सासूबाई नको म्हणतायत. माझा उगाच खर्च कशाला, म्हणतात. काय करू?"

शेजारी आमच्या आई गहू निवडत होत्या. त्यांनी मान वर केली आणि मोठ्यानं म्हणाल्या, "सांग तिला, ओढत घेऊन जा म्हणावं. गुडघे आहेत तोवर."