अडुळशाचे कलम आणि दोन आठवड्यांचा खोकला

पैठणच्या जुन्या वस्तीत वृद्ध रुग्णांना घरी जाऊन तपासण्याचा प्रसंग मला वरचेवर येतो. तपासणी आटोपून हात धुण्यासाठी मागील अंगणात गेलो, की मोरीच्या पाण्यावर पोसलेले एक गर्द हिरवे झुडूप पुष्कळ घरांतून दिसते. त्याला कोणी मुद्दाम खतपाणी घातलेले नसते. शेळी तोंड लावत नाही म्हणून कुंपणाला लावले, एवढेच घरची मंडळी सांगतात. मात्र घरात कोणाला खोकला झाला, की पहिला हात त्याच झुडपाकडे जातो. हा आपला अडुळसा.

आपल्यापैकी अनेक जण स्वतः ज्येष्ठ आहेत, अनेक जण घरातील ज्येष्ठांची शुश्रूषा करीत आहेत. म्हणून अडुळशाविषयी दोन गोष्टी सांगाव्यात असे मनात आहे. तो लावावा कसा, ही एक. आणि त्याच्यावर विसंबावे कुठवर, ही दुसरी. दुसरी गोष्ट मी स्वतः चुकून शिकलो आहे.

मी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर. वैद्यकीय महाविद्यालयात अडुळशाचे झाड आम्हाला कोणी दाखविले नाही. पण त्याचे वंशज मात्र औषधशास्त्राच्या पुस्तकात भेटले. अडुळशाच्या पानांतील वासिसिन हे अल्कलॉइड हूपर नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८८८ साली वेगळे केले. पुढे त्याच्या रचनेवरून बेतलेले ब्रोमहेक्झिन हे औषध १९६३ मध्ये बाजारात आले. चिकट कफ पातळ करून तो सुटण्यास मदत करणे, हे त्याचे काम. ब्रोमहेक्झिनचे शरीरात रूपांतर होऊन जो पदार्थ बनतो, तेच अँब्रॉक्सॉल. आपल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर या दोहोंपैकी एक नाव असण्याचा संभव बराच आहे. तेव्हा आजीच्या काढ्याला हसणाऱ्या नातवाने बाटलीवरील बारीक अक्षरे एकदा वाचावीत.

झाड ओळखण्यात चूक होऊ देऊ नये. कुंपणाला कण्हेरही असते आणि तिचे विष थेट हृदयावर आघात करते. अडुळशाची पाने समोरासमोर येतात. वीतभर लांब, दोन्ही टोकांना निमुळती. चुरगळली तर उग्र वास येतो, आणि चव कडू. हिवाळ्यात तुऱ्यांवर पांढरी फुले येतात. फुलाला दोन ओठ असतात आणि खालच्या ओठावर जांभळट रेषा. उघड्या जबड्यासारखा हा आकार पाहूनच संस्कृतात त्याला सिंहास्य म्हटले असावे. कोरांटी आणि अबोली या त्याच्याच कुळातील. खात्री पटत नसेल तर जाणत्याला दाखवावे. तोवर पान तोंडात घालू नये.

अडुळसा बियांपासूनही येतो. परंतु घरच्यासाठी फांदीचे कलमच सोपे. पुस्तकांतून फेब्रुवारी-मार्च हाही हंगाम सांगितलेला आढळतो. आपल्याकडे नाथषष्ठीच्या सुमारास लावलेले कलम मुळे धरू लागते न लागते तोच एप्रिल-मेचे ऊन त्याला गाठते. मी दोन वर्षे तसे करून पाहिले आणि बहुतेक कांड्या वाळवून बसलो. म्हणून मराठवाड्यात तरी आर्द्रा नक्षत्र लागल्यावर, म्हणजे जूनच्या अखेरीस, हवेत ओलावा आल्यावरच हे काम करावे, असे माझे मत आहे.

फांदी फार कोवळी नको आणि फार जूनही नको. शेंड्याकडील हिरवी, लवचिक फांदी कुजते. बुंध्याकडील लाकडासारखी झालेली फांदी आळशी असते. या दोहोंच्या मधली, पेन्सिलीएवढ्या जाडीची फांदी निवडावी आणि तिचे वीतभर लांबीचे तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पेरे असावीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरपा घ्यावा. मुळे बहुतांशी पेरापाशीच फुटतात. शिवाय वरचे टोक कोणते आणि खालचे कोणते, याचा गोंधळ तिरप्या कापामुळे होत नाही. उलटी खोचलेली कांडी जगत नाही, आणि ही चूक वाटते त्यापेक्षा अधिक वेळा होते. खालची पाने काढून टाकावीत. वर दोनच ठेवावीत आणि तीही अर्धी कापावीत, कारण मुळे नसलेल्या कांडीला इतक्या मोठ्या पानांची तहान भागविता येत नाही.

गोदाकाठची आपली काळी माती मोठ्या झाडाला मानवते, पण कलमाला नाही. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि कांडी बुडापासून काळी पडते. निम्मी वाळू आणि उरलेल्या निम्म्यात माती व चांगले कुजलेले शेणखत, असे मिश्रण पिशवीत भरावे. दोन पेरे मातीत जातील एवढी कांडी खोचून भोवतीची माती अंगठ्याने दाबावी. पिशव्या सावलीत ठेवाव्यात. माती ओलसर असावी, चिखल नसावा. दोन-तीन आठवड्यांत पालवी दिसते. तेवढ्याने हुरळून कांडी उपसून पाहू नये. ती पालवी कांडीतील शिदोरीवर आलेली असते, मुळे मागाहून धरतात. दीड-दोन महिन्यांनी हलकेच ओढून पाहावे. कांडीने विरोध केला, तर ती रुजली असे समजावे. मग अंगणात वा मोठ्या कुंडीत लावावे. कुंपणासाठी दोन झाडांत हातभर अंतर पुरते. पुढे वर्षातून एकदा छाटणी केली, की झाड दाट राहते.

हे काम वयोवृद्धांनी करावे असे मी आग्रहाने सांगतो. मात्र ते खाली बसून करू नये. गुडघे दुखणाऱ्या माणसाने उकिडवे बसायचे, मग आधाराविना उठायचे, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पडण्याची सुरुवात बहुधा अशीच होते. कमरेच्या उंचीचे टेबल घ्यावे, पिशव्या त्यावर ठेवाव्यात आणि खुर्चीवर बसून काम करावे. मोठी बादली उचलण्याऐवजी लहान झारी दोनदा भरावी. मधुमेहींनी अंगणात अनवाणी जाऊ नये, हे सांगून मी थकलो आहे. तरी पुन्हा सांगतो. कुंडीखालच्या ताटलीत साचलेले पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ताटली घासून ठेवावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

आता ती दुसरी गोष्ट. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाला मी अशीच दोन रुजलेली कलमे दिली होती. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, दर महिन्याला साखर दाखविण्यासाठी नेमाने येणारे. कलमे त्यांनी जिवापाड जपली. दीड वर्षात झाड डोक्याएवढे झाले. त्या हिवाळ्यात ते एकदा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, थोडा खोकला आहे.” बाहेर गर्दी होती. मी हसून म्हणालो, “आजोबा, औषध तर तुमच्या दारातच आहे. घ्या थोडे दिवस.”

किती दिवसांपासून खोकला आहे, हे मी विचारले नाही.

आजोबांनी पाने वाफवून रस काढला, मधातून घेतला. कफ सुटू लागला, झोप लागू लागली. म्हणजे अडुळशाने आपले काम केले. पुढील महिन्यात वजन दोन किलोने कमी भरले. पथ्य चांगले पाळता आहात, असे म्हणून मी त्यांचे कौतुकच केले. त्यानंतरच्या खेपेला त्यांची सूनबाई सोबत आली आणि म्हणाली, “मामंजींचा सदरा खांद्यावरून उतरायला लागलाय. जेवण निम्म्यावर आलंय.” तेव्हा मला घाम फुटला. थुंकीच्या तपासणीत क्षयरोग निघाला. घरात चार वर्षांची नात होती, आजोबांच्या कुशीत झोपणारी. तिची तपासणी झाली, तिला रोग नव्हता. पण प्रतिबंधक औषध मात्र अनेक महिने द्यावे लागले.

झाडाचा यात दोष नव्हता. अडुळसा कफ सैल करतो. कफ कशाने झाला आहे, हे तो सांगत नाही. ते विचारण्याचे काम माझे होते.

म्हणून आपण एवढे लक्षात ठेवावे : खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर थुंकी तपासून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ही तपासणी आणि क्षयरोगाचे औषध, दोन्ही विनामूल्य मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेखाली महिन्याला १,००० रुपयेही मिळतात. वृद्धांमध्ये ताप आणि रक्ताची थुंकी ही ओळखीची लक्षणे नसूही शकतात. नुसती भूक मंदावते, थकवा येतो, कपडे सैल होतात. ‘वय झाले’ या दोन शब्दांखाली हे सारे झाकले जाते. मधुमेहींना क्षयाचा धोका इतरांहून दोन-तीन पटींनी अधिक असतो, हे मला त्या दिवशीही माहीत होते.

प्रत्येक जुना खोकला क्षयाचाच असतो असे अर्थातच नाही. आडवे होताच खोकला येतो, दम लागतो, पायांवर सूज आहे. असे असेल तर हृदय तपासावे लागते. कोरडी ढास लागून राहिली असेल, तर रक्तदाबाच्या गोळीचे नाव वाचावे. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गटातील गोळ्यांनी काहींना असा खोकला होतो आणि तो काढ्याला दाद देत नाही. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टर ती बदलून देतात. मग खोकला बहुधा काही आठवड्यांत जातो.

साध्या सर्दी-खोकल्यात अडुळसा जरूर घ्यावा. प्रमाण मात्र आपल्या वैद्यांना विचारावे, कारण तो माझा अभ्यास नव्हे. गर्भवतीने तो घेऊ नये. वासिसिन गर्भाशयाचे आकुंचन घडविते. घरातील लेक-सुनेला प्रेमाने काढा देताना हे विसरू नये. बाजारच्या सिरपात साखर भरपूर असते, मधही साखरच. मधुमेहींनी दोहोंचा हिशेब धरावा. एक वर्षाखालील बाळाला मध मुळीच चाटवू नये. वाळलेली पाने विडीसारखी ओढण्याची जुनी रीत काही दमेकरी अजून पाळतात. धूर तो धूरच, ती सोडावी. वाफारा घेताना उकळते पातेले आजोबांच्या मांडीशी ठेवू नये. आणि पाने घरचीच घ्यावीत. कापसाच्या वा मोसंबीच्या शेताकडेच्या कुंपणावर फवारणीचे काय काय उडालेले असते, ते पाण्याने धुऊन जाईलच असे नाही.

आजोबांचे उपचार सहा महिने चालले. एकही दिवस चुकला नाही, कारण गोळ्यांचा हिशेब सूनबाईकडे होता. वजन भरून आले. आता दर पावसाळ्यात ते आपल्या झाडाची छाटणी करतात, टेबलाशी बसून कलमे लावतात आणि रुजलेल्या पिशव्या दवाखान्याच्या पायरीवर आणून ठेवतात. यंदा दहा लावली, आठ जगली. कलम नेण्यास कोणी आले, की आजोबा पिशवी हातात देण्याआधी विचारतात, “कोणासाठी नेताय? खोकला किती दिवसांचा आहे?”