कॅसलरॉक : सीमेवरचे स्टेशन आणि थांबलेले प्रवासी

माझे आजोळ कॅसलरॉकला. लोंढ्याहून गोव्याकडे जाणाऱ्या गाडीने तिनईघाट सोडले की पुढचे स्टेशन हेच. स्टेशन कर्नाटकात, पुढे घाट उतरला की गोवा. गावातल्या घरांतून मराठी, कोकणी आणि कानडी तिन्ही भाषा ऐकू येतात. लहानपणी मला वाटे, रेल्वे आली म्हणजे गावाचे भाग्य उघडते. आता तसे वाटत नाही. असे का, हे सांगण्यासाठीच हा लेख.

प्रथम थोडा इतिहास. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांत १८७८ साली करार झाला, आणि मुरगाव बंदर ब्रिटिश मुलखाशी लोहमार्गाने जोडण्याचे ठरले. १८८८ पर्यंत मीटरगेजचा हा मार्ग घाट चढून कॅसलरॉकला पोहोचला. हा ब्रागांझा घाट. त्याला पोर्तुगालच्या राजघराण्याचे नाव मिळाले. चढण इतकी तीव्र की काही ठिकाणी दर ३७ मीटरला एक मीटर उंची गाठावी लागते. म्हणून वर येणाऱ्या गाडीला आजही मागून जादा इंजिने लावतात. दोन राज्यसत्तांची हद्द येथे असल्याने कॅसलरॉकला जकातीची तपासणी चाले. १९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि हद्दीपलीकडची वाहतूक थांबली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर मार्ग पुन्हा जोडला गेला. पुण्या-मुंबईकडच्या प्रवाशाला मिरजेला गाडी बदलावी लागे. तो त्रास १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाल्यावर संपला.

वाचकांच्या ध्यानात आले असेल, की हा मार्ग बंदरासाठी बांधला गेला, गावांसाठी नव्हे. आजच्या साऱ्या अडचणींचे मूळ येथेच आहे.

याच घाटात दूधसागर आहे. सुमारे ३१० मीटर उंचीचा हा धबधबा टप्प्याटप्प्याने कोसळतो आणि त्याच्या मधूनच रेल्वेचा पूल जातो. २०१३ साली एका हिंदी चित्रपटात तो दिसला आणि पावसाळी गर्दीला उधाण आले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव येथून तरुण मंडळी कॅसलरॉकला उतरत आणि रुळांवरून चालत धबधबा गाठत. माझी मामी स्टेशनबाहेर चहा-भजी विकते. त्या दिवसांत तिच्या कढईला उसंत नसे. परंतु मामा रेल्वेत ट्रॅकमन. धुक्यात, बोगद्याच्या तोंडाशी, मागून येणाऱ्या गाडीचा आवाज धबधब्याच्या गर्जनेत ऐकू येत नाही, हे तो जाणतो. म्हणून रुळांवरून चालण्यास रेल्वेने बंदी केली, तेव्हा एकाच घरात मामीचा गल्ला रिकामा झाला आणि मामाचा जीव भांड्यात पडला. दोघांपैकी कोणाचे चुकले, हे मला अजून सांगता येत नाही.

पलीकडे पायथ्याशी कुळे आहे. पावसाळा सरला की तेथून जीपगाड्या जंगलातून धबधब्याखाली जातात आणि तेथल्या कुटुंबांना रोजगार मिळतो. धबधबा एकच, पण हद्दीच्या एका अंगाला उत्पन्न आणि दुसऱ्या अंगाला नुसती जाणारी गाडी. माथेरानशी तुलना केली म्हणजे कारण उमगते. १९०७ साली सुरू झालेली ती छोटी गाडी माथेरानलाच संपते. प्रवासी तेथेच उतरतो, राहतो, जेवतो. आमच्या घाटातली गाडी कोणासाठी रेंगाळत नाही.

मग दुसरा रूळ टाकला तर? कॅसलरॉक ते कुळे दुपदरीकरणाची योजना होती. पण वर काळी व्याघ्र प्रकल्प, खाली भगवान महावीर अभयारण्य. बंदरातला कोळसा वाहण्यासाठीच हे चालले आहे, असे म्हणत गोव्यात मोठे आंदोलन झाले, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने या टप्प्याची वन्यजीवविषयक मंजुरी रद्द केली. मला ते योग्य वाटते. जंगल गेले तर पाणी जाईल, आणि पाणी गेले तर पाहायला तरी काय उरेल?

माझ्या मते मार्ग वेगळा आहे. पावसाळ्यात दिवसा एखादी सावकाश जाणारी गाडी असावी. तिने पुलाजवळ पहाऱ्यात थोडे थांबावे. प्रवाशाने डब्यातूनच दूधसागर पाहावा आणि मुक्कामाला कॅसलरॉकच्या घरांत यावे. वाटाड्या गावातला असावा. याला नवे रूळ नकोत. दोन राज्ये, वनखाते आणि रेल्वे यांनी एकत्र बसणे मात्र हवे, आणि तेच अवघड आहे.

हे सारे मी मामीला समजावून सांगितले. कढईखालचा जाळ सारखा करीत ती म्हणाली, "लोकं धबधबा बघायला येतात गं, गाव बघायला कोण येतंय?"

तिच्या प्रश्नाला उत्तर मिळेल, त्या दिवशी सीमेवरच्या रेल्वेने आमचा विकास केला, असे मी म्हणेन.