चारही पर्याय बरोबरच वाटतात!

मैत्रिणींनो, माझी बढती ‘पीएमपी’ या प्रकल्प व्यवस्थापनाच्या परीक्षेवर अडलीय. धाराशिवला रात्री ओटा आवरला की सराव सुरू. प्रश्न १८०, एकेकाला जेमतेम सव्वा मिनिट. पाठांतर फारसं कामाला येत नाही.

उदाहरणार्थ, काम अर्ध्यावर आलंय अन् ग्राहक म्हणतो, आराखडा बदला. तुम्ही आधी काय कराल? साहेबांना कळवाल, लगेच बदल कराल, नकार द्याल, की खर्च नि वेळ किती वाढेल ते तपासाल? उत्तर शेवटचं. म्हणून मी ‘आधी’ या शब्दाखाली रेघ मारते. उठसूट साहेबांकडे धावणारा पर्याय बहुधा चुकीचाच असतो (आपल्याला सवय मात्र तीच लावलेली!).

‘स्टेकहोल्डर’वरचे प्रश्न आले की मला १९९३चा भूकंप आठवतो. त्यानंतर आपल्या नि लातूर जिल्ह्यात गावोगावच्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. घरमालकांना योजना समजावायची, बांधकामावर लक्ष ठेवायचं, लोकांचं म्हणणं सरकारपर्यंत न्यायचं. पुस्तकातला तो अख्खा धडा त्यांनी प्रत्यक्ष केला होता!

आणि हो, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा अडलं तरी प्रश्न कोरा सोडायचा नाही.