बावट्याचा रंग

परळच्या आमच्या चाळीतल्या खोलीत दारामागे एक लाल बावटा कायम गुंडाळून ठेवलेला असे. वडील गिरणीत साचाखात्यात होते. १९२८ साली निघालेल्या गिरणी कामगार युनियनला जुनी माणसं नुसतं 'लाल बावटा' म्हणत. "दादा, हा लालच का?" असं मी विचारलं की ते म्हणत, "कामगाराच्या रक्ताचा रंग आहे, पोरी."

पुढे मी इतिहास शिकवू लागले तेव्हा कळलं की आधी हा रंग सरकारचा होता. १७८९ च्या क्रांतीनंतर फ्रान्समध्ये कायदा झाला: जमावावर गोळी चालवण्याआधी लाल निशाण दाखवायचं. १७ जुलै १७९१ ला पॅरिसच्या शां-द-मार्स मैदानात ते फडकलं आणि माणसं मेली. ज्या निशाणाखाली गोळ्या खाल्ल्या, तेच पुढे लोकांनी हाती घेतलं.

२४ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसच्या उठावापुढे राजा लुई फिलिपने गादी सोडली. त्या लढ्यात मताचा हक्क मागणारे आणि कामाचा हक्क मागणारे एकाच मोर्चावर होते. दुसऱ्याच दिवशी नगरभवनासमोर कामगारांनी लाल निशाण मागितलं. कवी लामार्तिन नव्या सरकारात होता. त्याने नकार दिला, तिरंगा राहिला. पण त्याच दिवशी सरकारने प्रत्येकाला काम देण्याचं वचनही दिलं.

सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं. अडीच लाखांच्या आसपास असलेले मतदार ९० लाखांवर गेले. बायकांना मात्र वगळलं. बेकारांसाठी राष्ट्रीय कार्यशाळा निघाल्या आणि लाखावर माणसं तिथे नाव नोंदवून बसली. नव्या सरकारने तिजोरी भरायला दर फ्रँकमागे ४५ सांतीम जादा कर लावला. तो भरताना शेतकऱ्याला वाटे, आपल्या घामावर पॅरिस पोसलं जातंय. एप्रिलच्या निवडणुकीत खेड्यांनी मवाळ आणि सनातनी माणसं निवडून दिली. जूनमध्ये कार्यशाळा मोडायला काढल्या. तरुणांनी फौजेत जावं, बाकीच्यांनी परगावी, असा हुकूम निघाला. २३ ते २६ जून पॅरिसच्या गल्ल्यांत अडथळे उभे राहिले. जनरल काव्हेन्याकच्या तोफांनी हजारो माणसं मारली. प्रजासत्ताकाने आपल्याच माणसांवर तोफा डागल्या होत्या.

उदारमतवाद, समाजवाद, सनातनी विचार हे आपण पाठ्यपुस्तकात तक्त्याच्या रकान्यांत शिकतो. त्या चार महिन्यांत ते एकाच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरं होते: मत मिळालं, पण हाताला काम नाही, तर माणूस स्वतंत्र झाला का? कुणाला मत पुरेसं वाटलं, कुणाला कामाशिवाय मत पोकळ वाटलं, कुणाला आधी मालमत्तेची शांतता हवी होती. मार्क्स-एंगल्सचा जाहीरनामा त्याच फेब्रुवारीत लंडनला छापला गेला होता. जूनचं रक्त पाहिल्यावर त्यातला वर्गसंघर्ष अनेकांना पटू लागला.

१९८२ च्या संपानंतर दादांना गिरणीत पुन्हा घेतलं नाही. तरी प्रत्येक निवडणुकीला ते इस्त्रीचा सदरा घालून सकाळी पहिल्या रांगेत उभे राहत. घरी आले की शाई लागलेलं बोट दाखवत, आणि मग दिवसभर रिकामे बसत.