गर्भिणीचा मधुमेह आणि उपचाराचा अंदाज

गर्भाला पोसणाऱ्या वारेतून काही संप्रेरके स्रवतात. त्यांच्यामुळे मातेच्या शरीरातील इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो. स्वादुपिंड सामान्यतः अधिक इन्शुलिन निर्माण करून ही उणीव भरून काढते. जेथे ते अपुरे पडते, तेथे रक्तातील साखर वाढते. हाच गर्भावस्थेतील मधुमेह होय. ही वाढीव साखर वारेतून गर्भाकडे जाते. मातेचे इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून गर्भच जादा इन्शुलिन निर्माण करतो. त्यामुळे त्याचे वजन अवाजवी वाढून प्रसूती कठीण होण्याचा संभव असतो.

पुष्कळ स्त्रियांना नियमित आहार व चालणे एवढे पुरते. काहींना इन्शुलिन घ्यावे लागते. त्या कोणत्या, हे आधी ओळखता येईल काय? निदानसमयी उपाशीपोटी साखर अधिक असणे, पूर्वीची स्थूलता, मागील गर्भारपणातील मधुमेह आणि निदान आरंभीच्या महिन्यांत होणे, या खुणा मार्गदर्शक ठरतात. अशा मातेकडे वैद्य प्रथमपासून अधिक लक्ष पुरवू शकतात.

तथापि अंदाज म्हणजे निर्णय नव्हे. खुणा असूनही कित्येकींना आहार पुरतो. नसूनही काहींना औषध लागते. यास्तव भारत सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सामान्यतः प्रथम २ आठवडे आहार-नियमन करतात. त्यानंतरही जेवणानंतर २ तासांनी साखर १०० मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅम वा अधिक राहिली, तर औषध सुरू करतात. अंदाज सावध करतो; निर्णय मात्र तपासणीनेच होतो. आणि इन्शुलिन घ्यावे लागले, तर तो मातेचा दोष समजू नये.